पिसदुऱ्याचे विष्ठाश्म आणि परोपजीवींच्या आहाराचा प्रश्न
स्थिर समस्थानिकांच्या पद्धतीचा एक ऐतिहासिक परामर्श

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणता प्राणी काय खातो, हा प्रश्न वरवर पाहता निरीक्षणाचा आहे. वाघाने चितळ मारले, चितळाने गवत खाल्ले, हे डोळ्यांनी पाहता येते. परंतु जेथे खाणारा खाल्ल्या जाणाऱ्याच्या देहातच राहतो, तेथे निरीक्षण थांबते. पट्टकृमी आतड्यात काय घेतो, बांडगूळ झाडाच्या फांदीतून केवळ पाणी ओढते की अन्नही ओढते, अळीच्या पोटातील माशीची अळी तिच्या कोणत्या ऊतीवर वाढते, हे पाहून कळत नाही. अनुमानाने ठरवावे लागते. आणि जेथे खाणारा व खाल्लेला दोघेही कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसे झाले, तेथे अनुमानाखेरीज दुसरे साधनच उरत नाही.

गेल्या अर्धशतकात या अनुमानास एक नवा आधार मिळाला. देहातील कार्बन व नायट्रोजन यांच्या जड आणि हलक्या स्थिर समस्थानिकांचे प्रमाण मोजून आहाराचा माग काढण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत भक्षक आणि भक्ष्य यांच्यासाठी घडली व त्यांच्या बाबतीत बव्हंशी यशस्वी ठरली. तोच नियम परोपजीवी व आश्रयदाता यांना लावला गेला तेव्हा मात्र उत्तरे विपरीत येऊ लागली. नियम कोठे चुकला, का चुकला आणि त्या चुकण्यातून काय शिकावयास मिळाले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या विवेचनास आधारभूत असे एक उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच उपलब्ध आहे. ते म्हणजे वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथील डायनोसॉरांचे विष्ठाश्म, म्हणजे अश्मीभूत विष्ठा होय.

२. माजरी ते पिसदुरा : भूमीचा परिचय

वर्ध्याहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरोरा आणि भांदक यांच्या दरम्यान माजरी हे जंक्शन लागते. येथून एक फाटा वणीकडे वळतो. या गावाची ओळख दगडी कोळशाची. वर्धा खोऱ्यातील हा कोळसा गोंडवनी कालातील, म्हणजे पर्मियन युगातील वनस्पतींचा आहे. त्याच्यासाठीच एकोणिसाव्या शतकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. माजरीच्या खाणीत उतरणारा मनुष्य वस्तुतः पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यात उतरत असतो.

याच भूभागात, वरोऱ्याच्या उत्तरेस, वेगळ्या वयाचे खडक उघडे पडलेले आहेत. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून ज्यांना नाव मिळाले त्या लमेटा थरांचे हे खडक होत. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे लाव्हारस पसरले त्याच्या किंचित आधी व काही ठिकाणी त्याच सुमारास, क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस, हे थर साचले. त्यांचे वय सुमारे सात कोटी वर्षे मानले जाते. पिसदुरा व डोंगरगाव ही दोन खेडी या थरांतील जीवाश्मांमुळे भूशास्त्राच्या जगात परिचित झाली आहेत.

पिसदुऱ्याच्या जीवाश्मांकडे विद्वानांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेधले गेले. नागपूर येथे १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप हे या प्रदेशाच्या भूशास्त्राचे आद्य अभ्यासक. नागपुरातील महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. त्यांच्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अधिकाऱ्यांनी येथील अस्थी गोळा केल्या, आणि १८७९ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस वंशातील एक जाती वर्णिली व तिला ब्लॅनफर्ड यांचे नाव दिले. पुढे डोंगरगाव येथे एका मोठ्या टायटॅनोसॉराचा बराचसा सांगाडा हाती लागला. सोहन लाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आज तो प्राणी आयसिसॉरस या नावाने ओळखला जातो.

हाडांच्या जोडीला पिसदुऱ्याच्या शेतांत गोल, लांबट, कधी पिळदार असे दगडी गोळे विपुल सापडतात. सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांचे स्वतंत्र वर्णन करून ते विष्ठाश्म असल्याचे प्रतिपादिले व आकारावरून त्यांचे प्रकार पाडले. त्यांतील सर्वांत मोठा 'अ' प्रकार पुढील अभ्यासकांनी टायटॅनोसॉरांचा मानला. परिसरात त्यांचीच हाडे विपुल आढळतात आणि एवढ्या मोठ्या विष्ठेचा दुसरा धनी तेथे सहसा दाखविता येत नाही, हे त्याचे कारण.

अस्थी प्राण्याचा आकार सांगतात. विष्ठा त्याचा व्यवहार सांगते. म्हणून आहाराच्या अभ्यासकास मणक्यापेक्षा हा ओबडधोबड गोळाच अधिक मोलाचा. तथापि मॅटली यांच्या काळी त्याला बोलते करण्याचे साधन नव्हते. ते साधन भूशास्त्रात नव्हे, पदार्थविज्ञानात सिद्ध होत होते.

३. समस्थानिकांची पद्धत कशी घडली

एकाच मूलद्रव्याचे भिन्न भाराचे अणू असू शकतात, या कल्पनेस फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये 'आयसोटोप' ही संज्ञा दिली. कार्बनचे बहुतेक अणू बारा भाराचे असतात. शंभरात सुमारे एक तेरा भाराचा असतो. नायट्रोजनमध्ये चौदा भाराच्या अणूंचे प्राबल्य असून पंधरा भाराचा अणू हजारात तीनचार इतकाच आढळतो. हे अणू किरणोत्सर्गी नाहीत, ते झिजत नाहीत. म्हणूनच त्यांना स्थिर म्हणतात. रासायनिक वर्तनात ते एकमेकांसारखेच, परंतु जड अणू किंचित मंद. या मंदपणामुळे प्रत्येक जैव क्रियेत त्यांचे प्रमाण थोडेसे बदलते, आणि हा बदलच अभ्यासकाचा पुरावा ठरतो.

बदल अत्यल्प असल्याने तो मोजण्यास अतिसूक्ष्म उपकरण हवे होते. आल्फ्रेड नीअर यांनी १९४० च्या सुमारास द्रव्यमान वर्णपटमापकाची जी रचना सिद्ध केली तिने हे काम साध्य झाले. हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्ये समस्थानिकांच्या विभाजनामागील सिद्धांत मांडला, आणि त्यांच्या शिकागो येथील गटाने मापनास एक प्रमाणद्रव्य ठरविले. ते प्रमाणद्रव्य म्हणजे अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याच्या पीडी थरांतील बेलेम्नाइट या सागरी प्राण्याचा चुनखडीचा जीवाश्म. योगायोग असा की, तो जीवही क्रिटेशस कल्पाच्या अखेरीचा, म्हणजे स्थूलमानाने पिसदुऱ्याच्या टायटॅनोसॉरांचा समकालीन होता. कोणत्याही नमुन्यातील कार्बन-१३ चे प्रमाण या प्रमाणद्रव्याहून हजारी किती कमी वा अधिक आहे, त्या आकड्यास 'डेल्टा' मूल्य म्हणतात.

आहाराच्या अभ्यासाकडे ही पद्धत वळली ती वनस्पतींच्या द्वारे. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसासारख्या गवतांतील निराळ्या प्रकारच्या प्रकाशसंश्लेषणाचे स्वरूप उलगडले. लवकरच असे दिसून आले की, वृक्ष, झुडपे व भात-गहू यांसारखी गवते, ज्यांना त्रिकार्बनी वनस्पती म्हणतात, त्यांचे कार्बनचे मूल्य उणे २७ च्या आसपास असते. तर ज्वारी, मका, ऊस व उष्ण प्रदेशातील बहुतेक रानगवते या चतुष्कार्बनी वनस्पतींचे उणे १३ च्या आसपास. स्मिथ व एपस्टाइन यांनी १९७१ मध्ये ही विभागणी सुमारे शंभर जातींवर पडताळून पाहिली. दोन गटांत इतके स्पष्ट अंतर असल्याने, ज्याच्या देहात जे मूल्य, त्याने त्या गटातील वनस्पती खाल्ल्या, असे म्हणता येऊ लागले.

डीनायरो व एपस्टाइन यांनी १९७८ मध्ये कार्बनसंबंधी आणि १९८१ मध्ये नायट्रोजनसंबंधी प्रयोग प्रसिद्ध केले. ज्ञात अन्नावर वाढविलेल्या प्राण्यांचा कार्बन अन्नाच्या कार्बनाहून सुमारे हजारी एकाने जड आढळला. नायट्रोजन मात्र सरासरीने हजारी तीनने जड. मिनागावा व वाडा यांनी १९८४ मध्ये अनेक अन्नसाखळ्यांवरून हा आकडा ३.४ असा दिला. अशा रीतीने एक नियम रूढ झाला : कार्बन सांगतो की अन्नसाखळीचे मूळ कोणते, आणि नायट्रोजन सांगतो की प्राणी त्या साखळीत कितव्या पायरीवर आहे.

भारतातही या पद्धतीचा स्वीकार लवकर झाला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील सोयींच्या आधारे रामन सुकुमार, एस. के. भट्टाचार्य व आर. व्ही. कृष्णमूर्ती यांनी १९८७ मध्ये दक्षिण भारतातील हत्तींच्या आहारासंबंधी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हत्ती गवत अधिक खातो की पाला, हा वनरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न. त्याचे उत्तर हत्तीच्या हाडांतील कार्बनवरून काढण्याचा तो प्रयत्न होता.

४. परोपजीवींपाशी नियम का अडखळला

वरील नियमातील नायट्रोजनची पायरी का पडते, हे ध्यानी घेतल्याशिवाय पुढील गोष्ट उलगडत नाही. प्राणी प्रथिने पचवितो, त्यांतील ॲमिनो अम्ले फोडतो, आणि निरुपयोगी नायट्रोजन युरिया वा अमोनिया यांच्या रूपाने बाहेर टाकतो. या मोडतोडीत हलका नायट्रोजन अधिक सहज सुटतो व बाहेर जातो. जड नायट्रोजन देहात मागे राहतो. म्हणजे पायरी खाण्यामुळे पडत नाही. खाल्लेले मोडून पुन्हा जोडण्यामुळे पडते.

आता पट्टकृमीचा विचार करावा. त्याला तोंड नाही, आतडे नाही. आश्रयदात्याच्या आतड्यात जे अन्न आधीच पचून सुटे झालेले असते, त्यातील तयार ॲमिनो अम्ले तो आपल्या त्वचेतून शोषून घेतो. पचविण्याचे श्रम आश्रयदात्याचे, शोषण याचे. येथे मोडतोड थोडी, त्यामुळे पायरीही थोडी. शिवाय तो आश्रयदात्याचा देह खात नाही, त्याचे जेवण खातो. म्हणजे अन्नाच्या दृष्टीने तो त्याचा भक्षक नसून सहभोजी आहे. मग त्याचा नायट्रोजन आश्रयदात्याहून जड असावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची ठरते.

प्रत्यक्षात तसेच आढळले. बोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये रानससे व त्यांच्या देहांतील कृमी यांच्यातील समस्थानिक-संबंधांचा पहिला वृत्तांत दिला, तेव्हा गोलकृमी सशापेक्षा जड निघाले, तर पट्टकृमी सशापेक्षा हलका निघाला. पिनेगर, कॅम्बेल व पोलुनिन यांनी २००१ मध्ये मासे व त्यांचे परोपजीवी यांच्यात असेच असामान्य नमुने आढळल्याचे नोंदविले. थील्टजेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध मोजण्यांची तुलना केली. तिचे तात्पर्य असे की, परोपजीवी व आश्रयदाता यांच्यातील अंतर भक्षकांच्या ठराविक पायरीशी जुळत नाही आणि ते परोपजीवींच्या गटागणिक बदलते.

याचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. एखाद्या तळ्याची वा अरण्याची अन्नसाखळी केवळ नायट्रोजनच्या आकड्यांवरून उभारणारा अभ्यासक सशाच्या पोटातील पट्टकृमीला सशाच्या खालच्या पायरीवर बसवील, जणू काही तो गवताजवळचा जीव आहे. आकडा बरोबर, उपकरण निर्दोष, आणि निष्कर्ष मात्र साफ उलटा. पद्धतीच्या इतिहासात असा प्रसंग फार उद्बोधक असतो, कारण नियमाच्या पोटात दडलेली अट तो उघडी करतो.

दुसरी अट ऊतींची. गोचीड वा जळू रक्त पिते; ती आश्रयदात्याचा सबंध देह खात नाही. रक्तातील द्रवाची घडण काही दिवसांत नवी होते, स्नायूची काही महिन्यांत, तर हाडातील प्रथिनाची अनेक वर्षांत. ताडोब्याच्या अरण्यातील चितळ पावसाळ्यात कोवळे गवत अधिक खाते व उन्हाळ्यात पाला, शेंगा, पडलेली फुले यांवर निभावते. त्याच्या हाडात या सर्व ऋतूंची सरासरी साठलेली असणार. त्याच्या कानामागील गोचीड मात्र त्या आठवड्याचे रक्त प्यालेली असणार. गोचिडीची तुलना हाडाशी केल्यास जे अंतर दिसेल, ते परोपजीवितेमुळे पडलेले नसून ऋतुबदलामुळे पडलेले असू शकेल. म्हणून तुलना ज्या ऊतीवर परोपजीवी जगतो त्या ऊतीशीच झाली पाहिजे.

५. बांडगुळाची साक्ष

परोपजीवींच्या बाबतीत ही पद्धत निरुपयोगी आहे, असा अर्थ मात्र वरील विवेचनातून काढणे युक्त होणार नाही. आश्रयदात्याहून परोपजीवी किती वेगळा असावा याचे स्वतंत्र गणित जेथे मांडता आले, तेथे तिने कोड्याचा उलगडा केलेला आहे. बांडगूळ हे त्याचे उत्तम उदाहरण.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मोह, आंबा यांसारख्या झाडांवर बांडगुळाचे हिरवे झुबके दुरूनही ओळखू येतात. त्याची पाने हिरवी, अर्थात ते स्वतः प्रकाशसंश्लेषण करते. त्याची मुळी फांदीच्या प्रकाष्ठात, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीत शिरते. म्हणून ते झाडाचे केवळ पाणी व क्षार घेते, अन्न स्वतःचे स्वतः बनविते, असे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत दीर्घकाळ सांगितले जाई. परंतु एक गोष्ट खटकत होती. बांडगूळ आश्रयवृक्षापेक्षा फार अधिक पाणी उधळते. एलरिंजर, शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये असे सुचविले की, ही उधळपट्टी पाण्यासाठी नसून पाण्याबरोबर येणाऱ्या तुटपुंज्या नायट्रोजनसाठी असावी.

येथे कार्बनच्या समस्थानिकांनी पुढचे पाऊल टाकू दिले. पानाची रंध्रे जितकी अधिक उघडी, तितका पानाचा कार्बन हलका. हा संबंध गणिताने मांडता येतो. तेव्हा पाणी उधळणाऱ्या बांडगुळाची पाने किती हलकी असावीत, याचा आकडा आधीच काढता आला. मार्शल व एलरिंजर यांनी १९९० मध्ये जुनिपर वृक्षावरील एका अमेरिकी बांडगुळाची पाने मोजली, तेव्हा ती त्या आकड्यापेक्षा जड, आश्रयवृक्षाच्या बाजूला झुकलेली निघाली. ही तफावत एकाच रीतीने समजू शकत होती : झाडाच्या रसातून पाण्याबरोबर तयार सेंद्रिय कार्बनही बांडगुळात येत होता. त्यांच्या गणिताप्रमाणे त्या बांडगुळाच्या कार्बनपैकी सुमारे साठ टक्के भाग आश्रयवृक्षाचा होता. पुढच्याच वर्षी शुल्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील नामिब वाळवंटातील बांडगुळांवरून या अंशतः परपोषी वृत्तीस पुष्टी दिली.

मराठीत 'बांडगूळ' हा शब्द दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्यास उद्देशून पूर्वापार वापरला जातो. पुस्तकांतील अर्धपरोपजीवी वनस्पतीपेक्षा हा लोकप्रयोगच वस्तुस्थितीला अधिक जवळचा ठरला, असे या मोजण्यांवरून म्हणावयास हरकत नाही.

६. पुन्हा पिसदुरा : तीन साक्षी

या पार्श्वभूमीवर पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांचा पुरावा तपासता येतो. प्रसेनजित घोष, एस. के. भट्टाचार्य, अशोक साहनी, आर. के. कर, धनंजय मोहबे व के. अंबवानी यांनी २००३ मध्ये 'अ' प्रकारच्या विष्ठाश्मांतील सेंद्रिय अवशेषांच्या कार्बन व नायट्रोजनची मूल्ये प्रसिद्ध केली. कार्बनवरून आहार त्रिकार्बनी वनस्पतींचा ठरला. नायट्रोजनवरून त्यांनी अधिक धाडसी अनुमान काढले. आजच्या ज्ञात पचनपद्धतीच्या प्राण्यांच्या विष्ठेशी तुलना करून, टायटॅनोसॉरांच्या पचनात आंबवणाची क्रिया बहुधा प्रभावी नसावी, असे त्यांनी सुचविले.

या दुसऱ्या अनुमानाचे स्वरूप नीट पाहण्याजोगे आहे. गाई-म्हशींच्या पोटात गवत आंबविणारे सूक्ष्मजीव हे आश्रित होत. आश्रयदाता त्यांना चारा पुरवितो आणि त्यांच्या देहांवर व त्यांनी बनविलेल्या अम्लांवर स्वतः पोसला जातो. अर्थात पिसदुऱ्याचा प्रश्न नकळत आश्रयदाता व आश्रित यांच्या आहारसंबंधाचाच प्रश्न झाला होता. आणि तेथे चौथ्या विभागात सांगितलेली सावधगिरी अधिकच लागू पडते. विष्ठेतील नायट्रोजन म्हणजे न पचलेले अन्न, आतड्याच्या झडलेल्या पेशी व सूक्ष्मजीवांचे देह यांचे मिश्रण. त्यात विष्ठा बाहेर पडल्यावर अमोनिया उडून जातो आणि मागे उरलेला नायट्रोजन जड होतो; त्यानंतर मातीतील सूक्ष्मजीव आपला वाटा उचलतात; त्यानंतर कोट्यवधी वर्षांचे अश्मीभवन. कार्बनची साक्ष या प्रवासात पुष्कळशी टिकते. नायट्रोजनची तितक्या निश्चितीने टिकते असे म्हणता येत नाही. म्हणून त्या शोधनिबंधातील पहिला निष्कर्ष भक्कम मानावा व दुसरा संभाव्य मानावा, हे उचित होय.

दुसरी साक्ष सूक्ष्मदर्शकाची. कर, शर्मा व कर यांनी २००४ मध्ये पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत कवकांची बीजुके आढळल्याचे नोंदविले. त्यांतील काही, आज झाडांच्या पानांवर भुरी व ठिपक्यांसारखे रोग आणणाऱ्या कवकांशी जुळणारी होती. ही कवके जिवंत पानावर वाढतात. तेव्हा ती विष्ठेत येण्याचा सरळ मार्ग एकच : प्राण्याने रोगट पाने खाल्ली. एका दगडी गोळ्यात येथे तीन जीवांची साखळी जतन झालेली दिसते. पान, पानावरील परोपजीवी, आणि दोघांनाही एकत्र गिळणारा प्राणी. समस्थानिकांच्या मापनात या तिघांपैकी परोपजीवी कोठेही दिसला नसता. कवकाचा कार्बन पानातूनच आलेला, त्याचे वजन नगण्य, आणि संपूर्ण नमुना एकत्र जाळून मोजलेला. परोपजीवी तेथे होता, परंतु प्रमाणात बुडून गेला होता.

तिसरी साक्ष सर्वांत अनपेक्षित. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी २००५ मध्ये पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांतून वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकेचे सूक्ष्म कण वेगळे केले. त्यांत ताड, सूचिपर्णी व अन्य वनस्पतींबरोबरच गवताचे कणही निघाले. डायनोसॉरांच्या काळी विविध कुळांची गवते अस्तित्वात होती व ती खाल्ली जात होती, हे त्यावरून प्रथमच सिद्ध झाले. तोपर्यंत डायनोसॉरांच्या चित्रांत पायांखाली गवत काढणे ही चूक समजली जाई. ध्यानी घेण्याची गोष्ट ही की, २००३ च्या कार्बन-मापनाशी या शोधाचा विरोध नाही. गवत त्रिकार्बनीही असते, आणि थोड्या प्रमाणातील गवताने सरासरी हलत नाही. परंतु ते मापन गवताचे नावही सांगू शकले नव्हते.

या तीन साक्षींचा मेळ घातला म्हणजे पद्धतीची मर्यादा व सामर्थ्य दोन्ही स्पष्ट होतात. समस्थानिके द्रव्याचे मूळ सांगतात. नाते सांगत नाहीत. नाते ठरविण्यासाठी शरीररचना, सूक्ष्मदर्शक आणि आहाराची रीत यांचे आधीचे ज्ञान लागते. परोपजीवींच्या बाबतीत हे ज्ञान नसेल तर आकडा मुका राहतो, किंबहुना दिशाभूल करतो.

७. माजरीचा कोळसा आणि तुलनेची पातळी

पिसदुऱ्याचे विष्ठाश्म काळाच्या दृष्टीने फार दूरचे. आजच्या वा गेल्या शतकातील नमुन्यांचा अभ्यास करताना आणखी एक शुद्धी करावी लागते, आणि तिचा संबंध माजरीच्या खाणींशी पोहोचतो. दगडी कोळसा वनस्पतींपासून झालेला असल्याने त्याचा कार्बन वातावरणातील कार्बनाहून हलका असतो. जगभर असे इंधन जळत गेल्यामुळे वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे मूल्य औद्योगिक युगापूर्वीच्या सुमारे उणे ६.४ वरून आता उणे ८.४ च्याही खाली उतरले आहे. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये किरणोत्सर्गी कार्बनच्या संदर्भात दाखविलेला हा परिणाम चार्ल्स कीलिंग यांनी १९७९ मध्ये कार्बन-१३ लाही लागू केला. म्हणून एखाद्या संग्रहालयातील शंभर वर्षांपूर्वीच्या गव्याच्या कातड्याची तुलना आजच्या गव्याच्या गोचिडीशी केली, तर दिसणाऱ्या अंतरातील हजारी दोनच्या जवळपास वाटा आहाराचा नसून हवेचा असेल. परोपजीवी व आश्रयदाता यांच्यातील अंतर पुष्कळदा याहून लहान असते. तेव्हा दोघांचे नमुने एकाच वेळचे व एकाच ठिकाणचे असणे हा या अभ्यासाचा पहिला नियम ठरतो.

८. पुढील अभ्यासाची दिशा

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत या कसोट्यांना उतरणाऱ्या जोड्या दुर्मिळ नाहीत. मोहावरील बांडगूळ आणि त्याच फांदीवरील मोहाची पाने ही एक जोडी. तिच्यासाठी पावसाळा व उन्हाळा असे दोन वेळचे नमुने पुरेसे होतील. दुसरी जोडी कोशाच्या रेशमाची. आरमोरीच्या परिसरात ऐनाच्या झाडांवर टसराच्या अळ्या जोपासल्या जातात, आणि उझी माशी या अळ्यांवर अंडी घालून त्यांचा नाश करते. माशीची अळी आश्रयदात्याच्या देहात शिरून वाढते व शेवटी त्याला मारते. येथे साखळी तीन पायऱ्यांची आणि प्रत्येक पायरी ज्ञात आहे : ऐनाचे पान, टसराची अळी, उझीची अळी. आश्रयदात्याचा आहार एकाच झाडाच्या पानांचा असल्याने खालची पातळी निश्चित. परोपजीवी आश्रयदात्याच्याच ऊतींवर वाढत असल्याने त्याने भक्षकाचा नियम पाळावा अशी अपेक्षा. ती अपेक्षा खरी ठरली तर पट्टकृमीच्या अपवादाचे वर दिलेले कारण दृढ होईल. खोटी ठरली तर ते कारण पुन्हा तपासावे लागेल. दोन्ही परींनी ज्ञानात भरच पडेल, आणि कोसा-उत्पादकाचे दरवर्षी नुकसान करणाऱ्या कीटकाची पोषणरीतीही अधिक समजेल.

स्थिर समस्थानिकांच्या पद्धतीने आहाराच्या अभ्यासाला मापनाची शिस्त दिली, यात संशय नाही. परंतु तिचा इतिहास असे दर्शवितो की, प्रत्येक वेळी प्रगती झाली ती आकडा अपेक्षेशी जुळला तेव्हा नव्हे, तर तो जुळला नाही आणि त्याचे कारण जीवाच्या राहणीत शोधले गेले तेव्हा. ससा व पट्टकृमी, जुनिपर व बांडगूळ, टायटॅनोसॉर व त्याच्या विष्ठेतील कवक, या तिन्ही प्रकरणांचा बोध एकच आहे. परोपजीवी काय खातो हे विचारण्यापूर्वी तो कसा खातो हे विचारले पाहिजे. उपकरणाचे उत्तर त्यानंतरच अर्थपूर्ण होते.